आवलीच्या हाती लेखणी : मराठी ख्रिस्ती लेखनातील धन, दैन्य आणि शरणागती

वाशीमच्या मिशन दवाखान्याचे पूर्ण नाव रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आहे आणि तो १९३८ साली सुरू झाला, हे इथल्या बऱ्याच जुन्या माणसांना ठाऊक असते. ज्या चर्चने तो उभारला त्या चर्चच्या नावापाशी मात्र सहसा कोणी थांबत नाही. चर्च ऑफ द नाझरीन. नाझरीन म्हणजे नासरेथचा. १८९५ साली लॉस एंजेलिसमध्ये फिनिअस ब्रेझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मंडळी स्थापन केली तेव्हा येशूच्या अनेक बिरुदांतून हे सर्वांत साधे बिरूद त्यांनी मुद्दाम निवडले. एका क्षुल्लक गावचा, हातांनी काम करणारा माणूस, एवढाच त्याचा अर्थ. शहरातल्या गरिबांत काम करायचे तर नावही त्यांना परके वाटू नये, ही त्यामागची भूमिका. या पंथाची मुळे जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट चळवळीत आहेत. वाशीमलाही नाझरीनांच्या आधी मेथडिस्टांचेच काम होते. १९३० नंतरच्या दशकात ते नाझरीनांकडे आले. पंथाचा मध्यवर्ती सिद्धान्त 'पूर्ण पवित्रीकरणा'चा आणि त्याची पहिली अट पूर्ण समर्पणाची. माणसाने स्वतःचे म्हणून काही मागे ठेवू नये. पैसा नाही, मान नाही, स्वतःची इच्छाही नाही.

मी वाशीम जिल्ह्यात मराठी शिकवते. धर्मशास्त्र हा माझा विषय नाही. पण शब्द हा आहे, आणि 'स्वतःचे म्हणून काही ठेवू नकोस' हे वाक्य कुणाच्या कानावर पडते त्यावर त्याचा अर्थ ठरतो, एवढे मला कळते. २०१८ साली केंद्र सरकारने 'आकांक्षित जिल्ह्यां'ची यादी केली, तीत वाशीमचे नाव आले. सरकारी सभ्य भाषेत आम्ही मागास ठरलो. इथे सोयाबीन निघाले की आधी कृषी केंद्राची उधारी चुकती होते आणि मग घरचे पाहिले जाते. (समृद्धी हा शब्दसुद्धा आमच्याकडे हल्ली आधी महामार्गाचे नाव म्हणून ऐकू येतो. मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा या तालुक्यांतून तो जातो.) वऱ्हाडात मिशनकडे जे लोक गेले त्यांतले पुष्कळसे गावकुसाबाहेरचे होते. ज्याच्याजवळ सोडण्यासारखे आहे त्याने ते सोडावे, ही एक शिकवण. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने नम्र राहावे, ही दुसरी. दोन्ही एकाच शब्दांत, एकाच प्रवचनात सांगितल्या जातात आणि दुसरी पहिलीच्या पदराआड लपते. मराठी ख्रिस्ती लेखनाने हा घोटाळा ओळखला का, आणि ओळखला असेल तर कुणी, हा या लेखाचा विषय आहे.

त्यासाठी वऱ्हाडातून नगरकडे जावे लागते, कारण विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी ख्रिस्ती लेखन मोठे झाले ते तिथे. योगायोग असा, की नाझरीन मंडळी जिथे स्थापन झाली त्या शहराचे नावही इथे फारसे कुणी ऐकले नसेल अशा त्याच १८९५ साली, १० फेब्रुवारीला, मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

मराठी समीक्षेने या लेखकांसाठी तीन वेगळी फडताळे केली आहेत. टिळक हे फुलामुलांचे कवी. लक्ष्मीबाई या 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका. त्यांच्या वाट्याला साधेपणा, विनोद आणि प्रांजळपणा ही तीन विशेषणे ठरलेली. पंडिता रमाबाई या समाजसुधारक. तिघांच्याही ख्रिस्ती असण्याचा उल्लेख आदराने होतो आणि तिथेच सोडून दिला जातो. जणू ती त्यांची खासगी बाब होती आणि वाङ्मय वेगळे होते. या वाटणीत हरवले ते तिघांचे पैशाविषयीचे विचार. तिघेही आयुष्यभर एकाच प्रश्नाशी झगडत होते : देवाच्या स्वाधीन व्हायचे तर घरातल्या पैशाचे, धान्याचे, भांड्यांचे काय करायचे?

टिळकांचे उत्तर सर्वांत परिचित आहे. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी दोन दशके काम केले आणि 'ज्ञानोदया'चा मराठी भाग सांभाळला. १९१७ साली ते मिशनच्या नोकरीतून मोकळे झाले, पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ख्रिस्ती संन्यासी ही त्यांची शेवटच्या दोन वर्षांतली ओळख. ९ मे १९१९ रोजी ते वारले.

पगार सोडणे ही नुसती वैराग्याची कृती नव्हती. त्या काळच्या मिशनमध्ये पैसा परदेशातून येई, तो परदेशी मिशनऱ्याच्या हातातून खाली येई आणि देशी उपदेशक हा हाताखालचा नोकर असे. मिशनरी सेवक असायला हवा तो मालक होऊन बसला, अशी उघड टीका टिळकांनी केली. ज्याने नम्रतेचा उपदेश करायचा त्याच्याच हाती वेतनाची किल्ली असेल तर उपदेश ऐकणाऱ्याची नम्रता आणि लाचारी यांतला फरक कसा ओळखायचा? टिळकांनी तो प्रश्न स्वतःपुरता सोडवला : वेतनच नको. ही राजकीय बाजू लक्षात न घेता त्यांच्या संन्यासाला नुसता भक्तीचा उमाळा मानणे मला अपुरे वाटते.

पण टिळकांच्या अभंगांकडे वळले की हा झगडा दिसेनासा होतो. त्यांच्या ख्रिस्ती अभंगांचा मोठा गुण म्हणजे ते उपरे वाटत नाहीत. मराठी चर्चमध्ये ते आजही गायले जातात, आणि इंग्रजी चालीवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांनंतर टिळकांचा अभंग सुरू झाला की बसलेल्या मंडळीची मान आपोआप हलू लागते. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ते त्यांच्या छंदात, शब्दकळेत, लडिवाळपणात दिसतेच. माझी अडचण पुढची आहे. तुकोबांची शरणागती दिवाळखोरीतून आलेली आहे. महाजनकी, सावकारी, दुकान; मग दुष्काळ, दिवाळे, पहिली बायको रखमाबाई हिचा उपासमारीने झालेला मृत्यू; आणि मग, परंपरा सांगते त्याप्रमाणे, धाकट्या भावाचा वाटा वेगळा काढून आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवणे. तुकोबा 'मी तुझा' म्हणतात तेव्हा त्या शब्दांमागे रुपये-आणे-पैची वही आहे. त्यांच्या अभंगांत वाण्याची भाषा, मापे, व्याज, मुद्दल सतत डोकावतात ती त्यामुळेच. टिळकांनी पुलाचा पलीकडचा काठ घेतला. शरणागतीचा सूर त्यांना आयता, पिकलेला मिळाला. त्याची किंमत चुकवल्याचा हिशेब त्यांच्या अभंगात फारसा उतरला नाही. हिशेब होता, पण तो त्यांच्या घरात दुसऱ्याच कुणाकडे होता.

इथे आवलीची आठवण होते. जिजाई ऊर्फ आवली, पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची मुलगी, तुकोबांची दुसरी बायको. मराठी मनात ती कजाग म्हणून बसलेली आहे. नवरा घरातले वाटून टाकतो, दारात आलेल्याला देऊन टाकतो, राजाने पाठवलेला नजराणा परत करतो, आणि ती कडकडा बोलते, विठोबालाही शिव्या घालते. तिचे हे चित्र पक्के करण्यात महिपतीच्या संतचरित्रांचा मोठा हात आहे. महिपती तिच्यावर अन्याय करतो असे मी म्हणणार नाही. मधून मधून तो तिच्याविषयी हळवाही होतो. परंतु चरित्राचा केंद्रबिंदू संत असला की संताच्या घरातली उपाशी मुले ही त्याच्या कसोटीची साधने होतात आणि त्यांच्यासाठी भांडणारी बाई भक्तीतला अडथळा ठरते. आवलीचा एकही शब्द आपल्यापर्यंत तिच्या हातून आलेला नाही.

महिपती ताहराबादचा. ताहराबाद राहुरी तालुक्यात आहे. टिळकांचे बिऱ्हाड काही वर्षे राहुरीला होते. ज्या मातीत आवलीची गोष्ट संतचरित्रकाराच्या बाजूने लिहिली गेली, तिथेच दीडशे वर्षांनी दुसऱ्या एका आवलीचा संसार झाला. ही आवली लिहिणारी निघाली.

'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाले. पुस्तक वाचताना एक गोष्ट पहिल्यापासून जाणवते : लक्ष्मीबाई नवऱ्याला सतत 'टिळक' म्हणतात. 'हे' नाही, 'आमचे हे' नाही. जणू एका सार्वजनिक माणसाचे चरित्र त्या सांगत आहेत आणि त्याच वेळी त्या माणसाची पहाटेची भाकरीही थापत आहेत. टिळकांचा त्याग १९१७ साली जगाला दिसला. लक्ष्मीबाईंच्या घरात तो त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होता. न सांगता घरातून निघून जाणे, हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेला देऊन टाकणे, पाहुणे आणि परकी मुले घरी आणणे, आणि उद्याची चिंता देवावर सोपवणे. उद्याची चिंता देवावर सोपवली तरी चूल पेटवायची असते आजच, आणि ती देव पेटवत नाही.

समीक्षकांनी या प्रसंगांना विनोद म्हटले आहे. विनोद आहेच. पण तो कशाचा आहे याकडे पुरेसे पाहिले गेलेले नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या श्रद्धेची थट्टा करत नाहीत. ती श्रद्धा खरी आहे याविषयी त्यांना शंका नाही. त्यांच्या निवेदनात हशा पिकतो तो दोन हिशेब एकाच वेळी मांडले गेल्यामुळे. एका वहीत नवऱ्याने दिले, देवाला पोचले, पुण्य झाले. दुसऱ्या वहीत डबा रिकामा झाला. संतचरित्रात दुसरी वही नसते. 'स्मृतिचित्रे'त दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघड्या ठेवलेल्या आहेत आणि लेखिका कोणतीही मिटत नाही. ज्याला साधेपणा म्हणून डोक्यावर हात ठेवला गेला ती ही फार अवघड समतोलाची गोष्ट आहे. रागाने लिहिणे सोपे होते, आणि पतीच्या मृत्यूनंतर त्याला देव्हाऱ्यात बसवणे त्याहून सोपे होते.

आता धनाचा अर्थच बदलणारी बाजू. 'स्मृतिचित्रे'ची सुरुवात टिळकांपासून किंवा ख्रिस्तापासून होत नाही. ती होते लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या, नाना गोखल्यांच्या सोवळ्यापासून. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, कुणाची सावली नको, कुणाचा स्पर्श नको, आणि या सगळ्याचा जाच घरातल्या बायकांनी सोसायचा. वाचकांना हे वेडाचे वर्णन वाटते. मला त्यात कंजूष माणसाची तिजोरी दिसते. पैसेवाला रात्री उठून कुलूप चाचपतो तसे नाना पावित्र्य चाचपतात. कुठून गळेल, कोण चोरेल, कशाने कमी होईल ही धास्ती दोघांची सारखी. सोवळे ही या घराची ठेव आहे आणि ती वाढत नाही, फक्त कमी होऊ शकते.

म्हणून, येशूकडे आलेल्या श्रीमंत तरुणाची जी गोष्ट शुभवर्तमानात आहे, सगळे विकून ये म्हटल्यावर जो खिन्न होऊन परत गेला त्याची, ती मराठीत शोधायची तर सावकाराच्या वाड्यात शोधून चालणार नाही. टिळकांचे घर श्रीमंत नव्हते. त्यांच्याजवळ विकण्याजोगे एकच धन होते : जात. टिळकांनी ते १८९५ साली एका दिवसात टाकले. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे लागली. त्या काळात त्या मुलाला घेऊन नातलगांकडे राहिल्या, काही दिवस पंढरपुरातही राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ परतल्या तरी त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. टिळकांनीही त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. उलट तिचे सोवळे सांभाळायची व्यवस्था केली. आणि मग एक दिवस त्यांनी स्वतःशी विचार करून ठरवले, की माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही, यापुढे कुणाच्याही हातचे खाईन. कुणा उपदेशकाचे प्रवचन त्यामागे नव्हते. बाप्तिस्मा नंतर झाला.

या दोन त्यागांची तुलना केली तर मला लक्ष्मीबाईंचा मोठा वाटतो, आणि तो सावकाश झाला म्हणूनच मोठा वाटतो. टिळकांनी जात टाकली तेव्हा त्यांच्यापुढे नवे जग उभे होते : लेखन, संपादन, व्याख्याने, मित्र. बाईजवळ सोवळ्याशिवाय दुसरी मिळकत नव्हती. विधवेसारखी नवऱ्यावाचून राहणाऱ्या, धर्मभ्रष्टाची बायको म्हणून टोमणे खाणाऱ्या बाईला नातलगांच्या घरात जी काही किंमत होती ती तिच्या शुद्धतेवर होती. ती ठेव तिने आपणहून मोडली. आपल्याकडच्या ख्रिस्ती लेखनात समर्पण हा शब्द ज्याला शोभतो असा हा प्रसंग आहे, आणि लेखिकेने तो शब्द मिरवलेला नाही.

पंडिता रमाबाईंकडे हाच प्रश्न दुष्काळातून आला. त्यांच्या १९०७ सालच्या इंग्रजी आत्मनिवेदनाच्या नावातच 'अक्षय निधी' आहे. नाव वाचून पुस्तक भाविक असेल असे वाटते. ते आहेही, पण त्यातला सर्वांत जळजळीत भाग अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाच्या उपासमारीचा आहे. १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यात भटकत असताना दुष्काळाने त्यांना गाठले. जवळ होते ते देवांना प्रसन्न करण्यात, ब्राह्मणांना दान देण्यात, तीर्थांवर आणि अनुष्ठानांवर संपले. दागिने गेले, भांडी गेली. शरीराने धडधाकट असूनही मजुरी करणे त्यांना शक्य झाले नाही, कारण विद्वान ब्राह्मणाचे घर. अखेर म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधीचा विचार सुरू केला तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी अभिमान सोडून मजुरीला जातो.

नम्रतेवर एवढे अचूक भाष्य मराठी माणसाने क्वचित केले असेल. देवापुढे लोटांगण घालणारे, सर्वस्व दान करणारे हे कुटुंब एका अर्थी पूर्ण शरणागत होते. तरीही टोपली उचलण्याइतके नम्र नव्हते. रमाबाई हे कडवटपणे लिहितात; त्यांचा रोख हिंदू कर्मकांडावर आहे आणि त्यावर वाद होऊ शकतो, झालेलाही आहे. परंतु त्यांनी पुढे केडगावला जे उभारले ते पाहिले की हा धडा त्यांनी नव्या धर्मातही विसरू दिला नाही असे दिसते. १८९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे ३०० मुली व बायका घेऊन आल्या. मुक्ती मिशन श्रद्धेवर चालायचे, म्हणजे पैसा मागायचा नाही, प्रार्थना करायची आणि येईल त्यात भागवायचे. इंग्लंडमधल्या जॉर्ज म्यूलरच्या अनाथाश्रमाचा तो आदर्श. त्याच आवारात माग होते, शेती होती, गाई होत्या, छापखाना होता, आणि खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुली शिकत होत्या. देवावर विसंबणे आणि हाताला काम असणे यांत त्यांना विरोध वाटला नाही. रमाबाईंच्या लेखनाला लक्ष्मीबाईंचा विनोद नाही, टिळकांची लय नाही. काही पाने अहवालासारखी कोरडी आहेत. त्या कोरडेपणाचाही मला आदर वाटतो. दुष्काळात माणसे मोजावी लागतात.

भाषेकडे वळते, कारण माझ्या मते मूळ गोंधळ तिथे आहे. मराठी ख्रिस्ती भाषेत एकमेकांच्या जागी सहज वापरले जाणारे दोन शब्द आहेत : समर्पण आणि शरण. त्यांची घडण वेगळी आहे. समर्पण करणाऱ्याजवळ आधी काहीतरी असावे लागते; तो देतो. शरण जाणाऱ्याजवळ काही नसते. तो आसरा मागतो. शरणागताचे रक्षण करणे हे आपल्या परंपरेत बलवंताचे कर्तव्य आहे, म्हणजे शरण जाणाऱ्याचा समोरच्यावर एक हक्क उत्पन्न होतो. समर्पणात असा हक्क नाही. मंडळीतल्या भूमिहीन मजुराला 'समर्पण कर' म्हटले की त्याच्याजवळ जे नाही ते त्याच्याकडून मागितले जाते आणि शरणागत म्हणून त्याचा जो हक्क आहे तो बोलण्यातून निसटतो.

दुसरी जोडी लीन आणि दीन. लीन होणे माणसाच्या हाती आहे; दीन असणे ही त्याच्यावर आलेली स्थिती आहे. लीन माणूस उभा राहू शकतो आणि तरी वाकतो. दीन माणसाला वाकवलेले असते. डोंगरावरच्या प्रवचनाच्या मराठी भाषांतरांतून 'दीन' शब्द रूढ झाला. मत्तयात तो आत्म्याशी जोडलेला आहे, लूकमध्ये तसा नाही. तिथे सरळ गरीब आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ श्रीमंतांना इशारा आहे. उपदेशात मात्र मत्तयाचा दीन पुढे येतो आणि लूकचा श्रीमंत मागे राहतो. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः बायबल मराठीत आणले. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. त्यात त्यांचा आग्रह साध्या बायकांना कळेल अशा मराठीचा होता आणि वेदान्ताच्या परिभाषेपासून दूर राहण्याचा होता. संस्कृत शब्दांची विद्वत्ता ज्यांच्या घरात जन्मली त्या बाईने हे करावे, यालाच मी लीनता म्हणेन.

वऱ्हाडात या विषयावर बोलताना डॉ. आंबेडकरांना वगळून पुढे जाता येत नाही. १९५० साली 'महाबोधी' या नियतकालिकात बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावर त्यांनी जो लेख लिहिला, त्यात धर्माच्या कसोट्या सांगताना एक कसोटी अशी घातली, की धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये. ज्यांच्याजवळ संपत्ती आहे त्यांनी ती सोडणे धन्य असू शकेल, पण दारिद्र्य धन्य असूच शकत नाही, असे त्यांनी बजावले. सहा वर्षांनी नागपूरला त्यांनी धर्मांतर केले तेव्हा वऱ्हाडातली गावेच्या गावे त्यांच्यामागे गेली, आणि या कसोटीचा त्यात वाटा नव्हता असे म्हणता येणार नाही. ख्रिस्ती लेखकांनी या आक्षेपाला उत्तर द्यायला हवे होते. वेस्लीकडे अर्धे उत्तर आहे. पैशाच्या विनियोगावरच्या त्याच्या प्रवचनात आधी कमवायला सांगितले आहे, मग जपून वापरायला, मग देऊन टाकायला. गरिबीचे गोडवे त्यात नाहीत. स्वतः त्याने ऑक्सफर्डला असताना मिळकत ३० पौंड होती तेव्हा २८ मध्ये भागवले आणि मिळकत दुप्पट झाली तेव्हाही २८ मध्येच भागवले, असे सांगतात. पण वेस्लीला संसार असा नव्हताच, त्यामुळे त्याच्या २८ पौंडांत कुणाची चूल विझली नाही.

आंबेडकरांनी दोन माणसे दाखवली : आपणहून सोडणारा आणि मुळातच वंचित. 'स्मृतिचित्रे' तिसरे माणूस दाखवते. त्याच्या नावावर काही नसते, तरीही दुसऱ्याच्या त्यागाची किंमत तेच चुकवते. संन्याशाची बायको, दात्याची मुले, उपदेशकाच्या घरात पाहुण्यांसाठी तिसऱ्यांदा भात टाकणारी बाई. त्यागावरचे आपले बहुतेक चिंतन, वारकरी असो, ख्रिस्ती असो, गांधीवादी असो, या तिसऱ्या माणसाशी बोललेलेच नाही. कस्तुरबांचे दागिने आठवावेत. दक्षिण आफ्रिकेत भेटीदाखल मिळालेले दागिने परत करताना त्या रडल्या, भांडल्या, हे आपल्याला गांधींच्या आत्मकथेतून कळते. म्हणजे पुन्हा त्यागकर्त्याच्याच तोंडून.

लक्ष्मीबाईंवर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो बिनबुडाचा नाही. त्यांचे दारिद्र्य हे सुशिक्षित ब्राह्मण घराचे दारिद्र्य आहे. मिशनचे पाठबळ, ओळखीपाळखी, मुलाचे शिक्षण हे सगळे त्यांच्याजवळ होते. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून जे मांग आणि महार ख्रिस्ती झाले त्यांची पाने या पुस्तकात मोजकी आहेत, आणि तिथे लक्ष्मीबाई करुणेने पाहतात तरी वरूनच पाहतात. त्या लोकांना टाकण्यासाठी सोवळे नव्हते. त्यांच्या धर्मांतराला त्यागाची कथा लागू पडत नाही. त्यांनी काही सोडले नाही, मागितले : शाळा, दवाखाना, पाणी, नाव. मिशनच्या अहवालांनी आणि आपल्या राष्ट्रीय वृत्तपत्रांनीही या मागण्याला हलके लेखले आणि 'पोटासाठी बाटले' हा शब्दप्रयोग रूढ झाला. टिळक बाटले तेव्हा तत्त्वासाठी, आणि मांगवाड्यातला माणूस बाटला तेव्हा ज्वारीसाठी, ही वाटणी मला कधीच मान्य झालेली नाही. रोजची भाकर मागणे हे ख्रिस्ती प्रार्थनेच्या मध्यभागी आहे. ज्वारीसाठी देवाकडे जाणारा माणूस ती प्रार्थना शब्दशः घेतो, इतकेच.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले आणि अकराएक अध्यायांपाशी ते थांबले. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला लग्नानंतर अक्षरओळख झाली तिने नवऱ्याचे अर्धवट काम एवढ्या चिकाटीने ओढले याचे कौतुक सगळे करतात. काव्य म्हणून ते 'स्मृतिचित्रे'च्या जवळपासही येत नाही. ओवी पुष्कळदा नुसती चालत राहते. तरीही जिथे येशू पाचपन्नास माणसांच्या जेवणाखाण्यात असतो, कुणाच्या घरी उतरतो, मार्था कामाने वैतागते, तिथे ती ओवी जागी होते. मार्था आणि मरिया या बहिणींच्या गोष्टीत उपदेशक नेहमी मरियेची, म्हणजे काम सोडून पायाशी बसणारीची बाजू घेतात. ही गोष्ट लक्ष्मीबाईंच्या हाताखालून जाताना त्यांच्या मनात काय आले असेल याचा अंदाज 'स्मृतिचित्रे' वाचलेल्याला सहज येतो.

आमच्याकडच्या ग्रामीण मंडळ्यांत हंगामाच्या उपकारस्तुतीला लोक धान्य, अंडी, भोपळे, एखादी कोंबडी वेदीपुढे आणून ठेवतात. उपासनेनंतर आवारात त्यांचा लिलाव होतो. पैसे मंडळीच्या वहीत जमा होतात. मी असे लिलाव पाहिले आहेत. बोली चढवतात ते बहुधा पुरुष, नोकरीवाले, शहरातून सणाला आलेले. भोपळ्याला बाजारभावाच्या चौपट किंमत येते, टाळ्या पडतात, आणि घेणाऱ्याचे नाव वहीत लिहिले जाते. भोपळा ज्या बाईने परसात वाढवून आणलेला असतो तिचे नाव त्या वहीत नसते. तिला रकाना नाही. एका गावी मी वही सांभाळणाऱ्या काकांना हे विचारले. ते म्हणाले, "ताई, आणणारीचं नाव देवाला माहीत असते." बाजूला बसलेली एक म्हातारी लुगड्याचा पदर सावरत म्हणाली, "देवाले माहीत हाये, मग घेणाऱ्याचं कायले लिव्हता?"